कुणालाच न सांगितलेलं प्रेम : समलिंगी किशोराची कादंबरी पहिल्यांदा लिहिताना

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्याला मुलगा आवडतो, हे घरीदारी कुणालाच ठाऊक नाही, आणि अशात तो प्रेमात पडतो. एवढ्या ऐवजावर मराठीत कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहायची तर काय काय करावं लागतं, कुठे गाडी अडते आणि का अडते, ते इथे क्रमानं दिलं आहे. उदाहरणं लातूरची घेतली आहेत. नीट-जेईईच्या तयारीसाठी निलंगा, उदगीर, अहमदपूरकडची मुलं लातूरला खोल्या करून राहतात. घरच्यांच्या नजरेतून ती सुटतात आणि त्याच दिवसापासून रूममेट, मेस, क्लास, अभ्यासिका अशा समवयस्कांच्या चोवीस तासांच्या नजरेत येतात. या कथेला नेमकी हीच कोंडी लागते. तुमचं गाव दुसरं असेल तर तपशील बदला, क्रम हाच ठेवा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही कादंबरी लपवण्याच्या मेहनतीवर चालते. गुपित काय आहे ते वाचकाला पहिल्या दहा पानांत कळलेलं असतं. पुढची पानं तो उलटतो ते आजचा दिवस या पोरानं कसा काढला, हे बघायला. ती मेहनत जितकी बारकाईनं लिहाल तितकं प्रेम खरं वाटेल, कारण दोन्ही गोष्टी एकाच फोनवर, एकाच खोलीत, एकाच चहाच्या टपरीवर घडत असतात.

१. साल ठरवा

पहिलं वाक्य लिहिण्याआधी गोष्ट कोणत्या वर्षी घडते ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. सालाप्रमाणे मुलाची भीती बदलते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ते गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयानं असे संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याची मागणी नाकारली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुन्या ३७७ सारखं कलमच नाही.

या तारखा पात्रांच्या तोंडी भाषणासारख्या घालू नका. त्या दिवशी घरात काय चाललं होतं ते लिहा. ६ सप्टेंबर २०१८ हा गुरुवार होता आणि गणपती आठवड्यावर आले होते, म्हणजे गल्लीत वर्गणी आणि मांडवाची धांदल सुरू होती. १७ ऑक्टोबर २०२३ ला नवरात्राची तिसरी माळ होती. टीव्हीवर बातमी लागली आहे, वडील जेवताजेवता 'काय जमाना आला' म्हणून चॅनेल बदलतात, आणि पोरगा ताटातली भाकरी कुस्करत बसतो. निकाल गोष्टीत यायला एवढं पुरतं. न्यायमूर्तींची नावं सांगायची गरज पडत नाही.

फोनचंही साल असतं. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. त्याआधीच्या खेड्यातल्या मुलाला रात्र रात्र व्हिडिओ बघायला लावू नका. टिकटॉकवर २९ जून २०२० ला बंदी आली. व्हॉट्सॲपची चॅट लॉकची सोय मे २०२३ मधली आहे, त्यामुळे २०१९ चा नायक चॅटला कुलूप लावू शकत नाही, त्याला मेसेज पुसावेच लागतात. २०२१ मध्ये बारावी बोर्डाची परीक्षाच झाली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यातलं लातूर असेल तर मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हा त्या एप्रिलमध्ये नायकाला निवांत अंघोळ करताना दाखवाल तर लातूरचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

नवख्या लेखकानं २०२३ नंतरचं साल घ्यावं. आजच्या वाचकाचा फोन आणि नायकाचा फोन सारखा असला की अर्धी समजावणी वाचते.

२. मुलगा उभा करा, कारण शोधू नका

नायकाला समलिंगी असण्यापलीकडे एक हवंसं काही द्या, एक नीट येणारं काम द्या आणि एक खराखुरा दोष द्या. उदाहरणाला आपण ओंकार घेऊ. निलंग्याचा, बारावी सायन्स, नीटच्या बॅचमध्ये. त्याला ढोल उत्तम वाजवता येतो. केमिस्ट्री कच्ची आहे आणि मार्क घरी सांगताना तो दहा-वीस वाढवून सांगतो. हा शेवटचा दोष मोलाचा आहे. तो मुळातच थापा मारणारा आहे, म्हणून मोठी थाप त्याला पेलते असं त्याला वाटतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलाच्या समलिंगी असण्याला कारण पुरवणं. बाप दारुडा होता, आई फार लाडवायची, लहानपणी कुणी तरी गैर वागलं, हॉस्टेलची सवय लागली. यातलं काहीही नायकाच्या भूतकाळात टाकलं की वाचक दोन गोष्टी आपोआप जोडतो, मग तुम्ही कुठेही तसं म्हटलेलं नसलं तरी. घरात दारू असेल तर ती ओंकारच्या भावाच्याही वाट्याला आलेली दाखवा, आणि भावाचं मुलींशी जमतं हेही दाखवा. कारणाचा धागा तिथेच सुटतो.

दुसरी चूक सोशीकपणाची. सगळं सहन करणारा, कवितेच्या वहीत रडणारा मुलगा चाळीस पानांनंतर कंटाळा आणतो. ओंकारनं कुणाशी तरी वाईटही वागायला हवं. वर्गातल्या एखाद्या नाजूक मुलाला सगळे 'बायल्या' म्हणून चिडवतात तेव्हा तोही हसतो, जरा जास्तच मोठ्यानं. असा एक प्रसंग पहिल्या चौथाईत घ्या. त्या हसण्याची किंमत पुढे वसूल करता येते.

३. लपवण्याचा हिशेब मांडा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. कादंबरी सुरू करण्याआधी एका वहीत चार रकाने पाडा: माणूस, त्याला काय माहीत आहे, त्याला कशाचा संशय आहे, आणि त्याला कळलं तर ओंकारचं नेमकं काय जाईल. आई, वडील, मोठा भाऊ, दोन रूममेट, मेसवाल्या मावशी, क्लासचे सर, जवळची मैत्रीण, गावाकडचा चुलतभाऊ. शेवटच्या रकान्यात 'इज्जत' असं मोघम लिहू नका. 'खोलीचं भाडं', 'फोन', 'क्लासची उरलेली फी', 'दिवाळीत मामाकडे जाणं' असं लिहा. जाणारी वस्तू स्पष्ट असली की भीती लिहावी लागत नाही, वाचकाला ती जाणवते.

मग थापांची यादी करा. प्रत्येक थापेपुढे तीन गोष्टी हव्यात: कुणाला सांगितली, तिला पुरावा काय दिला, आणि ती कधी उलटणार. रविवारी घरून फोन येतो. 'आज पाच तास अभ्यासिकेत होतो' ही थाप आईला सांगितली. पुरावा म्हणून टेबलाचा जुना फोटो पाठवला. फोटोत भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं आणि ते भावाच्या लक्षात आलं. पुस्तकभर अशा सहा-सात थापा पुरतात. त्याहून जास्त झाल्या तर वाचकाला हिशेब लागत नाही.

फोन हा या कादंबरीतला सगळ्यात धोक्याचा इसम आहे, त्याला पात्रासारखं वागवा. लेखकांच्या ध्यानात न येणाऱ्या काही खऱ्या अडचणी अशा:

नवा फोन बहुतेक घरात वडिलांच्या किंवा भावाच्या जीमेल खात्यावर सुरू करून दिलेला असतो. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ओंकारनं काढलेला फोटो निलंग्यात भावाच्या फोनवर दिसतो. यूट्यूबवर काय पाहिलं त्याचा इतिहासही त्याच खात्यात जमा होतो.

चॅटला कुलूप लावलं तरी तीन जणांच्या खोलीत फोन चार्जिंगला एकाच बोर्डावर असतो. रूममेट सहज म्हणून उचलतो, 'लॉक कशाला लावलास बे' असं विचारतो, आणि कुलूप हाच संशय होतो. म्हणून हुशार मुलगा कुलूप लावत नाही. तो नंबर 'फिजिक्स नोट्स' किंवा 'मेस डबा' अशा नावानं साठवतो, आणि मग रात्री साडेअकराला मेस डबाचा फोन का येतो याचं उत्तर त्याला तयार ठेवावं लागतं. (हा 'बे' नागपूर-अमरावतीकडचा. रूममेट विदर्भातला असेल तरच ठेवा, लातूरचा असेल तर त्याच्या तोंडी 'लेका' शोभतं.)

खोटी मैत्रीण हा आणखी एक जुना उपाय. मुलं 'कोण आवडते सांग' म्हणून मागे लागतात तेव्हा ओंकार दुसऱ्या बॅचमधल्या मुलीचं नाव घेतो. लेखक इथेच थांबतात, आणि तिथेच प्रकरण अर्धवट राहतं. पुढे काय होतं ते बघा: पोरं त्या मुलीला बघून ओंकारचं नाव घेऊन ओरडायला लागतात, तिच्या घरी कळतं, तिचे वडील तिचा संध्याकाळचा क्लास बंद करतात. ओंकारच्या सुरक्षिततेची किंमत भलतीच कुणीतरी मोजते. असं प्रकरण लिहिलंत तर कादंबरी एकदम मोठी होते.

एक टाळायलाच हवं. काही लेखक नायकाचं समलिंगी असणं वाचकापासूनही शंभर पानं लपवतात आणि मध्यावर धक्का देतात. ज्या मुलासाठी हे पुस्तक आहे तो धक्का बसायला आलेला नसतो. तो स्वतःला शोधत आलेला असतो आणि तोवर पुस्तक ठेवून गेलेला असतो.

४. क्रियापदांवर लक्ष ठेवा

मराठीत लपणाऱ्या माणसाला वाक्यागणिक सांभाळावं लागतं, कारण क्रियापद लिंग सांगून टाकतं. आला की आली, भेटतो की भेटते. आवडत्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही आणि बोललं की पकडलं जायची भीती. त्यामुळे ओंकारसारखी मुलं कर्ता गाळून, वस्तूला पुढे करून बोलायला शिकतात. 'मेसेज आला होता', 'बोलणं झालं', 'रविवारी जायचं ठरलंय', 'पुस्तक दिलं होतं मला'. कुणी दिलं ते वाक्यात कुठेच नाही. किंवा मग 'कुणीतरी'ची मदत घेतात:

'काल कुठं गेलतास?'
'चहाला.'
'कुणासंगं?'
'क्लासमधलंच होतं कुणीतरी. नोट्स पायजे होत्या.'

पहिल्या खर्ड्यानंतर ओंकारचे सगळे संवाद वेगळे काढा आणि प्रियकराबद्दलची प्रत्येक ओळ तपासा. अजून ज्याला सांगितलेलं नाही त्याच्यासमोर 'तो' निसटला असेल तर ती चूक तुमची की ओंकारची ते ठरवा. ओंकारची असेल तर समोरच्यानं ती ऐकली का, हेही ठरवा. एवढं केलंत की कबुलीच्या प्रसंगाला भाषण लागत नाही. ओंकार जवळच्या मैत्रिणीला, श्रुतिकाला, सांगतो तेव्हा:

'मला कुणीतरी आवडतं.'
श्रुतिकानं पेन ठेवलं. 'कोण आवडते?'
बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, 'आवडतो.'

स्वतःसाठी तो कोणता शब्द वापरतो तेही ठरवा. 'समलिंगी' हा त्याच्यासाठी वर्तमानपत्रातला शब्द आहे, 'गे' हा फोनमधला किंवा चिडवण्यातला. घरात दोन्ही कुणी उच्चारलेले नाहीत. कानावर आलेला एकमेव शब्द बहुधा 'छक्का' असतो, त्यामुळे आपण तृतीयपंथी आहोत की काय अशी त्याची गल्लत होऊ शकते. ती त्याची गल्लत म्हणून दाखवा, पण निवेदनानं ती करू नये. तृतीयपंथी असणं हे स्वतःच्या लिंगाच्या जाणिवेबद्दल आहे, समलिंगी असणं कोण आवडतं याबद्दल. पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात तो स्वतःला कोणतंच नाव देत नाही, असं ठेवलंत तर बहुतेक वेळा ते खरं वाटतं.

शिव्या पात्रांच्या तोंडी येऊ द्या, नाहीतर मुलांची खोली खोटी वाटेल. निवेदकाच्या तोंडी एकही नको. आणि दर पानावर नको: दुखणारी शिवी एकदाच, योग्य माणसाकडून आली की लागते.

५. प्रेम: माघार घेता येईल अशा खुणा

प्रियकर 'गोरा, उंच, गिटार वाजवणारा' नको. ओंकारला हाच मुलगा का आवडावा, याची दोन बारीक, दुसऱ्या कुणाच्या नजरेत न भरणारी कारणं द्या. प्रतीक पुस्तकाचं पान उलटताना कोपरा दुमडत नाही, एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून ठेवतो. चुकलेलं गणित तो पुसत नाही, त्यावर एक सरळ रेघ मारून खाली पुन्हा सोडवतो.

जागा अशी निवडा की रोज शेजारी बसायला कारण लागणार नाही. अभ्यासिका यासाठी उत्तम: महिन्याच्या फीवर ठरलेली खुर्ची, प्लायवूडचे आडोसे, बोलायला बंदी. दोन टेबलांना मिळून चार्जिंगचा एकच पॉइंट असेल तर पहिली ओळख तिथेच होते. एक जण पंचवीस टक्क्यांवर स्वतःचा चार्जर काढून शेजाऱ्याचा लावतो, दुसऱ्या दिवशी शेजारी तेच करतो. आठवडाभरात ती सवय होते. बोलायला बंदी असल्यामुळे आडोशावरून रफ वहीचा कागद सरकतो. कागदावर सेंद्रिय रसायनाचा प्रश्न असतो, उत्तराखाली वेगळ्या पेनानं 'चहा?' असतं.

आता या प्रेमकथेचं वेगळेपण. मुलगा-मुलीच्या कथेत नकार मिळाला तर फजिती होते. इथे चुकीच्या माणसाला विचारलं तर सगळंच हातचं जाऊ शकतं. म्हणून दोघंही एकमेकांना अशा खुणा करतात ज्या 'मस्करी केली रे' म्हणून मागे घेता येतील. तुम्ही आठ-दहा खुणांची चढती यादी करा. चार्जर. चहाचे पैसे न मागणं. स्टेटसवर गाण्याची एकच ओळ, पण फक्त त्याला दिसेल अशी सेटिंग लावून. गावाहून आणलेल्या डब्यातली शेंगापोळी. 'तुला कुणी आवडते का' या प्रश्नात 'आवडते' म्हणताना घेतलेला विराम. प्रत्येक खुणेपुढे लिहा: ही मागे कशी घेता येईल? ज्या खुणेला उत्तर सापडत नाही तिथे तुमच्या कादंबरीचा मध्य आहे. ती पुस्तकाच्या निम्म्याच्या आसपास यावी. चौथ्या प्रकरणात आली तर पुढे ताणायला काही उरत नाही.

स्पर्शाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे मुलं गळ्यात हात टाकून फिरतात, ट्रिपल सीट जातात, एका गादीवर तिघं झोपतात. याकडे कुणी वळून बघत नाही. त्यामुळे स्पर्श ही खूण होत नाही, आणि ओंकारला नेमकं काही कळत नाही. परदेशी पुस्तकं आणि मालिका वाचून-पाहून लिहिणारे इथे फसतात: बोटं बोटांना लागली आणि वीज चमकली. लातूरच्या खोलीत याच्या उलटं लिहा. सगळ्यांच्या खांद्यावर सहज हात टाकणारा प्रतीक एक दिवस ओंकारच्या खांद्यावरचा हात काढून घेतो आणि पुन्हा टाकत नाही. ओंकार चार दिवस झुरतो, आपलं काय चुकलं म्हणून. वाचकाला मात्र त्याच्या आधी कळतं.

६. वयाची मर्यादा

मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. नायक सतरा वर्षांचा असेल तर लैंगिक प्रसंग लिहू नका, सूचकही नको, शरीराची वर्णनं नकोत. कायदा एक कारण, दुसरं असं की या वयाच्या प्रेमात लिहिण्यासारखं बाकीच खूप असतं: वाट बघणं, नाव घेता न येणं, एक चुंबन आणि त्यानंतर चार दिवस न बोलणं. दोघं एकाच वयाचे ठेवा. मोठ्या माणसाशी असलेलं 'प्रेम' या पुस्तकात प्रेम म्हणून आणू नका.

डेटिंग ॲप अठरा वर्षांपुढच्यांसाठी असतात. खोटं वय टाकून मुलं तिथे जातात हे खरं आहे, आणि तिथे फोटो घेऊन पैसे उकळणारे असतात हेही खरं. प्रसंग घ्यायचा असेल तर धोका पूर्ण दाखवा आणि धमकी आल्यावर मुलगा काय करतो तेही दाखवा: पैसे पाठवत नाही, मेसेज पुसत नाही, स्क्रीनशॉट ठेवतो, एका मोठ्या माणसाला सांगतो. हाच प्रसंग प्रत्यक्षात झेलत असलेला वाचक कुठेतरी असणार, हे धरून लिहा.

७. बाजूची माणसं

वडिलांना खलनायक केलं की काम सोपं होतं आणि पुस्तक लहान होतं. ओंकारचे अण्णा सोयाबीन विकून फी भरतात, भाव पडला की हातउसने घेतात. ओंकार त्यांना 'तुम्ही' म्हणतो, आईला 'तू'. त्यांच्याशी बोलताना तो फक्त हो-नाही करतो. अण्णा चिडतील ही भीती आहेच, पण अण्णांनी आपल्यावर केलेला खर्च वाया गेला असं त्यांना वाटेल, ही भीती त्याहून खोल आहे. तीच धरा.

आईला रडण्यापलीकडे काम द्या. ती अंगणवाडी सेविका असेल तर गावातल्या पंचवीस घरांत तिचं जाणं-येणं आहे, लोकांची गुपितं पोटात ठेवायची सवय आहे. तिला बरंच आधी कळलेलं असू शकतं. पण शेवटच्या प्रकरणात तिनं एका मिठीत सगळं स्वीकारलं असं करू नका. ती आधी 'कुणाला सांगू नकोस' म्हणेल, मग चार दिवसांनी 'जेवलास का' म्हणून नेहमीसारखा फोन करेल. एवढं पुष्कळ आहे.

श्रुतिका ओंकारची दुःखं ऐकायला ठेवलेली नाही. तिचं स्वतःचं एक प्रकरण हवं: तिला नीट द्यायचीच नाही, किंवा घरात तिच्या लग्नाची बोलणी आहेत. आणि तिनं एकदा तरी ओंकारवर भडकावं, तू फक्त तुझंच सांगतोस म्हणून. चिडवणारा दांडगा मुलगाच आतून समलिंगी निघाला, हे वळण आता घेऊ नका. वाईट वागणाऱ्या मुलाचं खापरही शेवटी समलिंगी मुलांवरच फुटतं.

घरचे 'इलाज' करायला नेतात असा प्रसंग असेल तर वस्तुस्थिती नीट ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. इलाज करणारा डॉक्टर पुस्तकात असू द्या, असे असतात. पण त्याचं बोलणं चूक आहे हे सांगणारं कुणीतरी पुस्तकात असलंच पाहिजे.

८. उघड होणं: कुणी, कुणाला, कधी

दोन वेगळे प्रसंग आहेत, त्यांची गल्लत करू नका. ओंकार स्वतः सांगतो तो एक. दुसऱ्या कुणी फोडलं तो दुसरा.

स्वतः सांगण्याचा क्रम विचारपूर्वक लावा, कारण वाचणारी मुलं तो क्रम उचलतात. पहिला माणूस असा हवा ज्याच्या हातात ओंकारचं जेवण, फी किंवा छप्पर नाही. म्हणून श्रुतिका आधी, मग कदाचित पुण्यात नोकरी करणारी मावसबहीण, आणि आईवडील सगळ्यात शेवटी किंवा या पुस्तकात नाहीच. भर गॅदरिंगमध्ये स्टेजवर माईक घेऊन कबुली देणं टाळा. टाळ्या वाजतात, पण दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोण बसलं याचं उत्तर लेखकाकडे नसतं.

कुणी फोडलं तर पुढचे अठ्ठेचाळीस तास तासातासानं लिहून काढा. स्क्रीनशॉट कुणी काढला, कोणत्या ग्रुपवर टाकला, घरमालकाला कुणी सांगितलं, अण्णांना फोन कुणी केला, ते कोणत्या एसटीनं आले, फोन कुणाच्या खिशात गेला. मग प्रतीकशी संपर्क तुटतो, आणि ओंकारला त्याचा नंबर पाठ आहे का, हा प्रश्न उभा राहतो. आज कुणाचाच नंबर कुणाला पाठ नसतो. त्याला पाठ असेल तर ते कधी केलं याचं बीज दुसऱ्या प्रकरणात पेरून ठेवा.

९. शेवट

नायकाला मारू नका, प्रियकरालाही नाही. अशा कथांमध्ये इतकी मुलं मेली आहेत की समलिंगी मुलगा दिसला की वाचक त्याच्या मरणाचीच वाट बघायला लागतो, आणि सोळा वर्षांचा वाचक त्यातून स्वतःबद्दल निष्कर्ष काढतो. आत्महत्येचा विचार पात्राच्या मनात येणार असेल तर पद्धत, जागा, साधन यांचं वर्णन अजिबात नको. त्या रात्री कुणाला फोन लावला आणि तो उचलला गेला, हे सविस्तर लिहा.

आनंदी शेवट म्हणजे सगळ्यांनी मान्य करणं असं धरलंत तर तो खोटा होईल. फेब्रुवारीत बोर्ड, मेमध्ये नीट, मग निकाल, मग दोघांची दोन गावं. ओंकारच्या आयुष्यात खरं काय माहीत असलेली दोन माणसं आता आहेत, सुरुवातीला एकही नव्हतं. प्रतीकचा नंबर आता त्याच्याच नावानं साठवलेला आहे. असा शेवट पटतो.

१०. लांबी, वाचून घेणं, छापणं

पहिल्या पुस्तकाला पंचेचाळीस ते पंचावन्न हजार शब्द पुरे. पंचवीस-सव्वीस प्रकरणं केलीत तर प्रत्येकी साधारण दोन हजार शब्द पडतात.

दुसऱ्या खर्ड्यानंतर तीन जणांकडून वाचून घ्या: लहान गावात वाढलेला एक समलिंगी माणूस, त्याच जिल्ह्यातला बोलीचा जाणकार, आणि सतरा-अठरा वर्षांचा एक वाचक. 'कसं वाटलं' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. 'कोणत्या पानावर ओंकार खोटा वाटला', 'कुठे तुम्ही फोन बघायला उठलात', 'कोणती थाप तुम्हाला पकडता आली असती' असे प्रश्न द्या. समलिंगी वाचकाचा वेळ हे काम आहे, त्याचं मानधन द्या. त्याच्या आयुष्यातला प्रसंग त्याला न विचारता उचलू नका. जी गोष्ट त्यानं अजून घरी सांगितलेली नाही ती तुमच्या पुस्तकातून घरी पोचू शकते.

शेवटच्या पानावर मदतीचे क्रमांक हवेत: मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि मुलांसाठी १०९८. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या क्षेत्रात आहे, त्याचाही उल्लेख करता येतो. प्रत्येक आवृत्तीआधी क्रमांक स्वतः फिरवून बघा.

मुखपृष्ठाबद्दल प्रकाशकाशी आग्रहानं बोला. इंद्रधनुष्याचे पट्टे आणि मोठ्या अक्षरांत 'समलिंगी प्रेमकथा' असं छापलं तर दुकानात पुस्तक उठून दिसेल, पण ज्या मुलाला ते सगळ्यात जास्त हवं आहे तो ते खोलीवर नेऊ शकणार नाही. मुखपृष्ठ असं करून घ्या की रूममेटच्या समोर टेबलावर ठेवता येईल. विषय स्पष्ट सांगणारा मजकूर आतल्या पहिल्या पानावर घ्या आणि मागच्या बाजूला दोन मित्र, एक अभ्यासिका, बारावीचं वर्ष एवढंच छापा. मजकुरातला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे, म्हणजे विकत घेणारा मुलगा त्यातून नेमकं ओळखेल आणि त्याच्या खोलीत डोकावणारा सहज पुढे जाईल. ई-पुस्तकही त्याच दिवशी काढायला सांगा. फोनवरचं पुस्तक गादीखाली लपवावं लागत नाही.